मिरजेहून कर्नाटकात: व्हीलचेअर, सामान आणि आपलं माणूस घेऊन रेल्वेने जाताना

आईचं माहेर धारवाडचं. लग्न होऊन ती सांगलीला आली तेव्हा मिरजेला गाडी बदलावी लागायची, कारण तिकडची लाइन मीटरगेज होती. मिरज हे तेव्हा ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांचं जंक्शन. आता रूळ एकच झालाय, गाडी बदलावी लागत नाही. पण सहा वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि व्हीलचेअरवरून माहेरी कसं जायचं हा नवा प्रश्न उभा राहिला. आम्ही गेलो, अजूनही जातो. सांगली-मिरजेकडून बेळगाव, धारवाड, हुबळी किंवा बेंगळुरूला असंच कुणाला घेऊन पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. उलट दिशेने येणाऱ्यांनाही उपयोग होईल. मिरजेला दवाखान्यांसाठी कर्नाटकातून किती माणसं येतात, ते स्टेशनबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्याला राज्याची हद्द दिसते, रेल्वेची हद्द दिसत नाही. मिरज स्टेशन मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतं. तिथून बेळगावकडे निघालं की दक्षिण पश्चिम रेल्वे लागते, तिचं मुख्यालय हुबळीला. तिकीट एकच, गाडी एकच, पण चढवणारी माणसं एका खात्याची आणि उतरवून घेणारी दुसऱ्या. मिरजेच्या स्टेशन मास्तरांनी कितीही आपुलकीने मदत केली, तरी त्यांचा निरोप आपोआप हुबळीला पोचेल असं धरून चालू नका. पहिल्या प्रवासात आम्ही तसं धरलं होतं. उतरायच्या स्टेशनवर व्हीलचेअर नव्हती, कुणाला काही कळवलेलंच नव्हतं, आणि आमची खुर्ची डब्याच्या दुसऱ्या टोकाला सामानात अडकली होती. आईला बाकड्यावर बसवून मी खुर्चीसाठी परत डब्यात धावले, तेवढ्यात गाडीला हिसका बसला. त्या दिवसापासून दोन्हीकडचा निरोप मी स्वतः देते.

कागदपत्रं दोन महिने आधी

दोन कार्डांत गल्लत होते. एक युडीआयडी, म्हणजे केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र. ते भारतभर चालतं. सांगलीच्या लोकांना त्यासाठीची तपासणी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात करून घेता येते. दुसरं रेल्वेचं स्वतःचं दिव्यांगजन कार्ड. रेल्वेची सवलत ऑनलाइन तिकिटावर हवी असेल तर या दुसऱ्या कार्डाचा नंबर लागतो. त्याचा अर्ज रेल्वेच्या संकेतस्थळावर भरता येतो, सोबत रेल्वेच्या नमुन्यातला सरकारी डॉक्टरांचा सवलतीचा दाखला जोडावा लागतो. दाखल्यावर 'सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही' असा उल्लेख आहे ना, ते डॉक्टरांसमोरच वाचून घ्या. तो नसेल तर सवलतच अडते.

सवलत अशी आहे: स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के, फर्स्ट आणि सेकंड एसीला ५० टक्के. सोबत जाणाऱ्या एका माणसालाही तेवढीच. ती मूळ भाड्यावर मिळते. आरक्षणाचे आणि सुपरफास्टचे पैसे वेगळे भरावे लागतात. तत्काळ तिकिटावर कोणतीच सवलत नाही, त्यामुळे 'ऐनवेळी तत्काळ काढू' हा बेत इथे उपयोगाचा नाही. एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच असते, हद्द ओलांडल्यावर ती गृहीत धरू नका. रेल्वेची मात्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखीच लागू आहे. आम्ही बस सोडून रेल्वे धरली त्याचं हे एक कारण, आणि आडवं होता येतं हे दुसरं.

मूळ कार्ड सोबत ठेवा. झेरॉक्सवर टीसी ऐकून घेतीलच असं नाही, आणि ऐकून घ्यावं अशी अपेक्षाही धरू नये.

गाडी निवडताना वेळेपेक्षा थांबा बघा

मिरजेवरून बेळगावकडे जाणाऱ्या गाड्या बऱ्याच आहेत. बेंगळुरूची राणी चन्नम्मा, तिरुपतीची हरिप्रिया, वास्कोची गोवा एक्स्प्रेस, दादरहून येणाऱ्या चालुक्य आणि शरावती. शिवाय पुणे-हुबळी वंदे भारत, जी साताऱ्यालाही थांबते. मिरज ते बेळगाव सुमारे १३८ किलोमीटर, साधारण तीन तासांचा प्रवास.

आपण सगळे आधी पोचायची वेळ बघतो. तुम्ही आधी गाडी किती मिनिटं थांबते ते बघा. दोन मिनिटांच्या थांब्यात दोन धडधाकट माणसं आणि चार बॅगा चढतात. जिला उचलून चढवायचं ती व्यक्ती, तिची खुर्ची आणि सामान चढत नाही. म्हणून घर सांगलीत असलं तरी आम्ही बहुतेक वेळा मिरजेहून चढतो. रस्ता दहा किलोमीटरचा, रिक्षा-गाडीचा खर्च वाढतो, पण मिरजेला बऱ्याच गाड्या जास्त वेळ थांबतात. गाडी जिथून सुटते तिथूनच चढता आलं तर त्याहून उत्तम. ती आधी फलाटाला लागते आणि कुणाची घाई नसते.

उतरतानाही हाच विचार करा. मावशीचं घर धारवाडला, तरी आम्ही हुबळीचं तिकीट काढतो आणि वीसेक किलोमीटर टॅक्सीने मागे येतो. मावशीला सुरुवातीला हे पटत नव्हतं. एकदा तिने धारवाडच्या फलाटावरून आमची धांदल बघितली, मग पुन्हा तो विषय काढला नाही.

वंदे भारतच्या टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरसाठी जागा आणि मोठं स्वच्छतागृह आहे. बसून प्रवास झेपणाऱ्या माणसासाठी ती चांगली गाडी. पण दारं आपोआप बंद होतात आणि थांबे थोडे वेळच असतात, म्हणून रॅम्पची सोय होईल का ते स्टेशनवर आधी विचारून मगच तिकीट काढा. आईला दोन तासांवर बसवत नाही, आम्ही बर्थचीच गाडी घेतो.

तिकीट

आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. पहिल्याच दिवशी काढा. दिव्यांगांच्या कोट्यात गाडीच्या सगळ्या स्लीपर डब्यांत मिळून मोजून चार बर्थ असतात, दोन खालचे आणि दोन मधले. शनिवारी किंवा दिवाळीच्या तोंडावर ते मिळत नाहीत. कोट्यातून काढलं की रुग्णाला खालचा आणि सोबतीला मधला, असे जवळजवळ बर्थ मिळण्याची शक्यता चांगली.

दुसरा मार्ग म्हणजे दिव्यांगांचा वेगळा डबा. बहुतेक मेल-एक्स्प्रेस गाड्यांना पहिल्या किंवा शेवटच्या टोकाला एक अर्धा डबा असतो. अर्ध्यात सामान आणि ट्रेन मॅनेजर, म्हणजे पूर्वीचे गार्ड, आणि अर्ध्यात दिव्यांगांची जागा. तिथली दारं रुंद असतात, खुर्ची आत ठेवायला मोकळी जागा असते, शौचालय मोठं असून धरायला दांडे असतात. दिवसाच्या तीन-चार तासांच्या प्रवासाला मी हाच डबा सुचवेन. रात्रीच्या प्रवासाला नाही, कारण गर्दीच्या दिवसांत तिथे हक्क नसलेली माणसंही शिरतात. तसं झालं तर भांडत बसू नका, १३९ ला, म्हणजे रेल्वेच्या मदत क्रमांकाला, फोन करा आणि शेजारच्याच ट्रेन मॅनेजरना सांगा.

चार फोन

निघायच्या आदल्या दिवशी १३९ वर फोन करा. पीएनआर सांगा, दोन्ही स्टेशनांवर व्हीलचेअर लागणार आहे असं स्पष्ट म्हणा आणि तक्रार क्रमांक मिळाला तर लिहून ठेवा. हा एक फोन. दुसरा फोन न करता प्रत्यक्षच जा: मिरजेच्या स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात, शक्यतो दुपारच्या निवांत वेळी. तिथे तीन गोष्टी विचारायच्या. स्टेशनची व्हीलचेअर कुठे ठेवलेली असते, आपली गाडी नेहमी कोणत्या फलाटावर लागते, आणि त्या फलाटावर जिना न चढता कसं जायचं. लिफ्ट चालू असेल तर लिफ्टने, नाहीतर फलाटाच्या टोकाच्या उतारावरून रूळ ओलांडून. रूळ ओलांडायचे असतील तर रेल्वेचा माणूस सोबत असल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. खुर्चीचं पुढचं छोटं चाक रुळाच्या फटीत अडकतं, म्हणून तिथून खुर्ची नेहमी उलटी, मोठी चाकं आधी, अशी न्यायची.

तिसरा फोन तुम्हाला घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना. त्यांनी नुसतं 'येतो' म्हणून चालणार नाही. त्यांनीही उतरायच्या स्टेशनवर अर्धा तास आधी जाऊन मास्तरांना भेटायचं, खुर्ची ताब्यात घ्यायची आणि आपला डबा जिथे येईल तिथे उभं राहायचं. हुबळीला हे विशेष महत्त्वाचं. तिथला एक फलाट १५०७ मीटर लांब आहे, जगातला सर्वांत लांब म्हणून त्याची नोंद आहे. नातेवाईक मधे आणि तुमचा डबा टोकाला असेल, तर त्यांना पोचायला पाच-सात मिनिटं लागतात.

चौथा फोन गाडीत बसल्यावर, बेळगाव मागे पडलं की पुन्हा १३९ ला. आता तुम्ही पलीकडच्या विभागात आहात. डबा आणि बर्थ नंबर पुन्हा सांगा.

सामान

नियमाने स्लीपर आणि थ्री एसीला माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं. आपल्याला तेवढं न्यायचंच नाही. एक माणूस खुर्ची ढकलतो तेव्हा त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. त्यामुळे सोबत दोन माणसं असली तरी सामानाला दोनच हात उरतात. चाकांची ट्रॉली बॅग घरी ठेवा. पाठीवरची सॅक प्रत्येकी एक, आणि हमालाला देण्याजोगी एक मजबूत पिशवी, बस. लोणच्याची बरणी, मावशीसाठी भडंगाचे पुडे, सांगलीची हळद हे सगळं मीही नेते, पण त्या हमालाच्या पिशवीत. ती हरवली तरी प्रवास अडत नाही.

जे हरवलं तर अडेल ते असं: दोन दिवसांची औषधं, कार्डं, फोन, चार्जर, लघवीचं भांडं किंवा डायपर, ओले वाइप्स, एक जादा परकर किंवा पायजमा, पाण्याची बाटली, स्ट्रॉ. ही एक छोटी पिशवी आईच्या मांडीवर किंवा माझ्या गळ्यात. खुर्चीच्या हँडलला कधीही अडकवू नका. खुर्ची दुसरं कुणीतरी घेऊन जातं आणि पिशवी तिच्याबरोबर जाते. शिवाय मागे वजन असलं की माणूस उठताक्षणी खुर्ची उलटते.

स्वतःची खुर्ची घडीची असेल तर न्या, स्टेशनची खुर्ची फक्त फलाटापुरती असते. पायाच्या पट्ट्या आणि उशी काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण हरवतात त्या याच. मागच्या कापडावर नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा. सायकलचं साखळीचं कुलूप सोबत घ्या. विजेवर चालणारी खुर्ची असेल तर घरी पूर्ण चार्ज करून निघा, डब्यातला प्लग मोबाइल आणि लॅपटॉपपुरताच असतो. आणि तिचं वजन लक्षात घ्या. दोन माणसांना ती डब्यात चढवणं जमेल का, हे घरच्या पायरीवर करून बघा. आम्ही ती नेत नाही.

चढताना

सुटायच्या तासभर आधी स्टेशनवर पोचा. हमालाला आधीच गाठा. दरांचा फलक स्टेशनवर लावलेला असतो, पण रोग्याला धरायलाही मदत लागणार आहे हे सांगून पैसे ठरवा. मिरजेचे हमाल रुग्ण उचलण्यात तरबेज आहेत, रोज तेच बघतात. त्यांचं ऐकलं तर फायदाच होतो.

फलाट बदलल्याची घोषणा ऐनवेळी होऊ शकते. त्यामुळे पुलाच्या किंवा लिफ्टच्या तोंडाशी थांबा, फलाटाच्या टोकाला जाऊन बसू नका. डबा कुठे येईल ते फलकावर दिसतं, हमालालाही विचारून खात्री करा.

आता मुख्य काम. उंच फलाट रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटर उंच असतो, आणि डब्याची जमीन त्याहून साधारण अर्धा मीटर वर. म्हणजे उंच फलाटावरही पायऱ्या राहतातच. नेहमीच्या डब्याच्या दारातून मोठ्या माणसाची खुर्ची कशीबशी जाते, आतल्या बोळातून जात नाही. म्हणून माणसाला खुर्चीतून उचलूनच न्यायचं, असं मनाशी धरून चला.

उचलायला दोन माणसं. एक मागून, काखेतून हात पुढे घालून छातीवर बांधलेला. दुसरा गुडघ्यांखाली. मागचा माणूस आधी उलटा डब्यात चढतो, म्हणजे डोकं आणि धड आधी आत जातं. 'एक, दोन, तीन' कुणी म्हणायचं ते आधी ठरवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: कुणालाही हाताला धरून ओढू देऊ नका. अर्धांगवायूच्या माणसाचा लुळा हात ओढला तर खांदा निसटतो. फलाटावरची माणसं चांगल्या मनाने धावत येतात आणि पहिल्यांदा हातच धरतात. त्यांना मोठ्याने सांगा, 'दादा, हात नको, पाय धरा.' आम्ही आईचा डावा हात ओढणीने पोटाशी बांधतोच.

क्रम असा: आधी माणूस, मग खुर्ची, मग सामान. सामान हमालाच्या डोक्यावरून दुसऱ्या दाराने गेलं तरी चालेल. गाडी हललीच तर सामान मागे राहू द्या. सोबतीचा एक माणूस कायम रुग्णाजवळ हवा, तो बॅगेसाठी परत उतरायचा नाही.

उचलायच्या आधी तिला विचारा. मी पहिल्या दोन प्रवासांत आईला विचारलंच नव्हतं, हमालाशी बोलत होते, तिच्या डोक्यावरून. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "अगं, मला सांग तरी कधी उचलणार ते, मी श्वास धरते." आता 'तीन' तीच म्हणते.

गाडीत

घडी केलेली खुर्ची बर्थखाली जात नाही. दाराजवळच्या रिकाम्या जागेत, जाण्या-येण्याची वाट सोडून, साखळीने बांधा आणि टीसींना दाखवून ठेवा. खुर्चीची उशी बर्थवर अंथरा. दर अर्ध्या-पाऊण तासाने कूस बदलायला किंवा वजन सरकवायला मदत करा. गाडीच्या हादऱ्याने कातडी सोलवटते आणि जाणीव कमी असलेल्या माणसाला ते कळतही नाही.

शौचालयाचं बोलायला संकोच वाटतो, पण प्रवास नको म्हणण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. आई आदल्या दिवसापासून पाणी पिणं बंद करायची. त्याने एकदा उन्हाळ्यात तिला चक्कर आली, लघवीला जळजळ सुरू झाली आणि माहेरचे चार दिवस औषधांत गेले. आता आम्ही डायपर घालून निघतो, वर भांडं सोबत, आणि खालच्या बर्थला मधल्या बर्थच्या साखळ्यांवरून साडी बांधून आडोसा करतो. शेजारच्या बायकांना आधी सांगितलं की त्याच पुरुषांना उठवून पलीकडे पाठवतात. ती पाणी पिते.

मिरजेपुढे विजयनगर, मग शेडबाळ. शेडबाळ कर्नाटकात. पुढे उगार, कुडची, रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड, बेळगाव. कृष्णेचा पूल आला की आई खिडकीशी बसवायला सांगते, तेवढं करावं. बेळगावपर्यंत मराठीत अडत नाही. धारवाड-हुबळीला चार कानडी शब्द फार कामाला येतात. 'व्हीलचेअर बेकु' म्हणजे व्हीलचेअर हवी. 'स्वल्प सहाय माडि', थोडी मदत करा. 'निधान', सावकाश. 'लिफ्ट एल्लिदे?', लिफ्ट कुठे आहे? यातलं 'निधान' सर्वांत जास्त लागतं.

उतरताना

उतरायच्या अर्धा तास आधी सामान दाराशी, वीस मिनिटं आधी खुर्ची उघडून बघून पुन्हा मिटलेली, दहा मिनिटं आधी आई दाराजवळच्या बाकावर. तिथल्या प्रवाशांना विनंती केली तर जागा देतात, आम्हाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. फलाट कोणत्या बाजूला येणार ते टीसींना विचारा.

इथे क्रम वेगळा. आधी खुर्ची खाली, ब्रेक लावून. मग माणूस, या वेळी पाय आधी. शेवटी सामान. रिकामी खुर्ची खाली तयार नसेल तर माणसाला उतरवू नका, कारण फलाटावर हातात धरून उभं राहण्याइतकं बळ कुणाकडे नसतं. थांबा संपत आलाय असं वाटलं तर एकाने ट्रेन मॅनेजरच्या दिशेने हात वर करून हलवत राहावं, गाडी सोडण्याआधी ते फलाटाकडे बघतात.

आणि स्टेशनबाहेरची टॅक्सी आधीच सांगून ठेवा. सीएनजीची गाडी असेल तर डिकीत टाकी असते आणि खुर्ची बसत नाही. गाडी ठरवताना 'डिकी रिकामी आहे का' हे विचारायचं, आणि आपल्या खुर्चीची घडी केल्यावरची रुंदी फोनमध्ये लिहून ठेवायची. आमची ३२ सेंटिमीटर आहे.